किहीमला वाहून गेलेली निळी रिबन

८ जानेवारी, गुरुवार. रोहा.

सकाळी नदीवर धुकं. पलीकडचं अष्टमी गाव दिसेना. हे चहा घेऊन गच्चीत आले आणि म्हणाले, "पूल अर्ध्यातच संपलाय बघ. पलीकडे गेलेली माणसं तिकडचीच झाली आज." नऊपर्यंत तसंच होतं.

दुपारी शाळेच्या ग्रुपवर नलूचं फर्मान. नलू म्हणजे जिते गावची नलिनी, वर्गाची मॉनिटर. मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, मॉनिटरपण काही गेलं नाही. "३१ जानेवारी, शनिवार. किहीम. नववीची सहल पुन्हा. कारणं ऐकून घेतली जाणार नाहीत." खाली अंगठे, फुलं, नाचणाऱ्या बाहुल्या. पेणच्या शर्मीने लगेच विचारलं, पापड तळून आणू का भाजून.

मग कुसुमचा आवाज आला, रेकॉर्ड करून पाठवलेला. पेणला आमच्या समोरच्या घरातली कुसुम. आता गडबला असते, भातशेती, म्हातारी सासू, मुलगा कंपनीत. तिने ती सहल पुन्हा सांगितली. एसटीतली गाणी, सुरूच्या झाडांखाली उपडा झालेला पोह्यांचा डबा, आमच्या सिस्टर लिओनी बूट हातात घेऊन घोट्याएवढ्या पाण्यात कशा उभ्या राहिल्या, लाटेने नेलेली निळी रिबन. काय सांगते ही! मी दोनदा ऐकलं. शर्मीने लिहिलं, "कुसुम, तुझ्याएवढं कुणालाच आठवत नाही गं."

खरंच आहे.

पण कुसुम त्या सहलीला आलीच नव्हती. हे तिला माहीत आहे आणि मला. आणखी कुणाला नाही.


९ जानेवारी

काल लिहून झाल्यावर सगळं डोळ्यांपुढे आलं. विसरायच्या आत लिहून ठेवते.

सहलीच्या दिवशी पहाटे मी कुसुमला हाक मारायला गेले. माझा गणवेश, दोन वेण्या, नव्या निळ्या रिबिनी. दारात तिची आत्या. आई नव्हती कु.ला, घर आत्याच चालवायची. "ती नाय येणार. कावळा शिवलाय तिला." पहिलीच वेळ होती तिची. मागे अंधारात कु. पोत्यावर बसलेली. तीही गणवेशात! वेण्या घातलेल्या. तिने वर पाहिलं नाही.

सिस्टरांना काय सांगायचं? मी काहीच सांगितलं नाही. दोन एसट्या होत्या. पहिलीतल्यांना वाटलं कु. दुसरीत आहे, दुसरीतल्यांना वाटलं पहिलीत.

संध्याकाळी घरी न जाता तिच्याकडेच गेले. माझ्या वॉटरबॅगमध्ये समुद्राचं पाणी भरून आणलं होतं. आत्या म्हणाली, "शिवू नको, वरून घाल." म्हणून उभ्याने, हात लांब करून, तिच्या ओंजळीत ओतलं. तिने जिभेने चाखलं. "खारट आहे गं!" म्हणाली, जणू तिचा इतके दिवस विश्वासच नव्हता.

मग पायरीवर बसून तिला सगळं सांगितलं. ती कोपऱ्यात, मी पायरीवर, मध्ये आत्याचे वाळत घातलेले पोह्याचे पापड. अंधार पडेपर्यंत प्रश्न विचारत होती. लाट येताना आवाज आधी येतो की पाणी? वाळू गरम की गार? रिबन किती लांब जाईपर्यंत दिसली? दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

चौथ्या-पाचव्या दिवशी ती शाळेत आली. मुली म्हणाल्या, "मजा आली ना गं?" वर्गात काय सांगणार, मी बाजूला बसले होते? "खूप," म्हणाली. एवढंच. पुढे सगळं आपोआप झालं.

सिस्टर खरंच पाण्यात गेल्या होत्या का? मला आठवत नाही. मी सांगितलं असेल, किंवा कु.ने घातलं असेल. पण इतकं चांगलं आहे की...


१५ जानेवारी

संक्रांत काल झाली. आज खालच्या मजल्यावर हळदीकुंकू. पुन्हा स्टीलची वाटी.

कु.चा फोन. मागे गाय ओरडत होती.

"विजू, एक सांगू? हसशील."

"नाही हसत."

"माझे पाय अजून लागले नायत गो समुद्राला."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. लग्न झालं, मुलं झाली, मुलं मोठी झाली. गडबहून किहीम म्हणजे गाडीने तासाभराचा रस्ता!

"अलिबागला गेले ना, डॉक्टरकडे, कोर्टात जमिनीच्या कामाला. कामाला गेलेला माणूस समुद्रावर कशाला जातो? भात झालं की वाल, वाल झाले की घर शाकारायचं, मग हे आजारी. मुलांना शाळेने नेलं. मला कोण नेतो? आणि कसं आहे... सगळ्यांना वाटतं मी जाऊन आलेय."

गाईला दटावून ती परत फोनवर आली.

"सांगून टाकू का सगळ्यांना? तिथं गेल्यावर?"

तुझं तू ठरव, म्हटलं. "पण या खेपेला जायचं," म्हणाली. "पाऊस पडो, आग लागो. मी येणार म्हणजे येणार." कुसुमला असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मुलाच्या कॉलेजाच्या वेळीही नाही.


१९ जानेवारी

नलूच्या सूचना, क्रमांक घालून. टोपी. गोळ्या स्वतःच्या स्वतः. साडी की पंजाबी, यावर ग्रुपवर दिवसभर चर्चा. शर्मी : "मी गाऊन घालून जाणार पाण्यात, माझं वय आहे." नलू : "शाळेचं नाव जाईल." शर्मी : "शाळेने आपलं नाव कधीच काढून टाकलंय."

परतताना कनकेश्वरचं डोंगरावरचं देऊळ करायचं ठरलं. पायऱ्यांचा फोटो बघून माझे गुडघे आत्ताच बोलायला लागले.

ह्यांना विचारलं, दोन दिवस जेवणाचं काय. "पोहे," म्हणाले. चारी वेळा? "रोह्यात राहून पोह्यांना नावं ठेवतेस?"


२३ जानेवारी

कु.ने नवे रबरी सँडल घेतले, फोटो पाठवला. फक्त मला. खाली लिहिलंय, "पान्यात चालतात, दुकानदार बोलला."


२७ जानेवारी, मंगळवार

संध्याकाळी कु.चा फोन. आवाजावरूनच कळलं.

भावकीतले जानूकाका गेले. तिच्या सासऱ्यांचे चुलतभाऊ, पंचाण्णवच्या घरातले. झोपेत गेले. दहा दिवसांचं सुतक.

"तुम्ही जाऊन या," म्हणाली. "मग मला सांग सगळं. तुला येतं चांगलं सांगायला."

शांतपणे म्हणाली. रडली असती तर बरं वाटलं असतं.  जेवताना ह्यांनी दोनदा विचारलं, काय झालं. एका म्हाताऱ्या माणसाच्या जाण्याचं असं वाईट वाटून घेणं हेही बरोबर नाही, पण मला राग आला होता. कुणाचा ते कळेना. कावळ्याचा म्हणावं तर...


२८ जानेवारी

सकाळच्या गाडीने कासूला उतरले, तिथून रिक्षाने गडब. भेटायला म्हणून. सुतकाच्या घरी पाणीही घ्यायचं नसतं, म्हणून माझी बाटली माझ्याजवळ.

कु.ची सासू ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेली. नव्वदीच्या आसपास, कंबर वाकलेली, डोळे मात्र चिमणीसारखे. कु. तिला आई म्हणते आणि अजून घाबरते. सोवळं, ओवळं, उपास, सगळं या घरात म्हातारीच्या शब्दावर चालतं. मी पण घाबरतेच.

"ये गो विजू. एवढ्या लांबून आलीस. जानूचं सोनं झालं बघ. सकाळी भाकरी खाल्लीन, दुपारी झोपला, झालं."

इकडचं तिकडचं झालं. मग म्हातारीनेच विचारलं, "त्या पोरींचं काय? जानार ना दर्यावर?"

"त्या जातील," कु. म्हणाली. "मी नाय."

"का गो?"

"आई, सुतक ना!"

म्हातारी शेंग सोलत राहिली. कु. तशीच उभी होती, हातात सूप. आणि मग एकदम, माझ्याकडे न बघता, बोलून गेली. "मागल्या खेपेला पण असंच झालं. शाळेत असताना. सगळ्या गेल्या नि मी बाजूला बसलेली. पोत्यावर."

इतक्या वर्षांत हे तिने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. मी खाली बघितलं.

म्हातारीने मूठभर दाणे सुपात टाकले. "दहाव्याला आपण काय करतो?"

"पाण्यावर जातो."

"कुठल्या?"

"खाडीच्या."

"मग खाडीचं पानी चालतं नि दर्याचं नाय? खाडी कुठं जाते गो, मुंबईला? सगळ्यांची राख त्याच्यातच जाते. जानूची पण जाईल. तो कुणाला बाजूला बसवत नाय."

"लोकं काय बोलतील? घरात सुतक नि ही निघाली पिकनिकला."

"लोकांना सांग सासूने धाडली. पाण्यावर. काय बोलायचं ते मला येऊन बोला."

आणि लगेच अटी, नलूच्या वरताण. देवळात पाय ठेवायचा नाय. डबा घरचा, दुसरीच्या डब्यात हात नाय, आपला कुणाला द्यायचा नाय. डोक्यावरून पाणी घ्यायचं नि थेट घरी. "नि फोटोत दात काढायचे नायत."

कु. सूप घेऊन आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. म्हातारी मला म्हणाली, "बस जरा. रडू दे तिला. तुझी गाडी कितीची?"


२९ जानेवारी

नलूला फोन करून सुतकाचं सांगितलं. पहिल्या सहलीचं नाही, ते कु.ने सांगायचं. मला वाटलं नलू कुरकुर करेल, कनकेश्वर ठरलेलं. पाच मिनिटांत ग्रुपवर : "बदल. प्रत्येकीने आपापला डबा आणावा. वाटावाटी बंद. कनकेश्वर रद्द. देव डोंगरावरच आहे, पुढल्या वेळी." कुणाचंही नाव न घेता.

तरी शर्मीने विचारलंच, तळलेल्या पापडांचं काय. नलू : "स्वतः खा."

उद्या दुपारी पेण. रात्री शर्मीकडे.


१ फेब्रुवारी, रविवार. रोहा.

अंग दुखतंय, वाळू अजून कानात आहे. सावकाश लिहिते.

पेणहून सकाळी गाडी निघाली तेव्हा शर्मीने "गुड मॉर्निंग, सिस्टर" सुरू केलं, तेच लांबवलेलं, शाळेतल्या सुरात, आणि सगळ्या उभ्या राहायला गेलो. ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. वडखळला कु. रस्त्याच्या कडेला उभी होती. साधी सुती साडी, केसांत काही नाही, हातात डबा, पायांत नवे सँडल. माझ्याशेजारी बसली. डबा मांडीवर घेतला. कार्लेखिंड ओलांडल्यावर म्हणाली, "पेपरला बसल्यासारखं वाटतंय गो."

किहीम खूप बदललंय. घोडागाड्या, कणसं, ताणलेल्या दोऱ्या, बोटीत बसवणारी पोरं. सुरूची झाडं आहेत. आधी डबे खायचं ठरलं. गोल करून बसलो, प्रत्येकीचा डबा प्रत्येकीच्या मांडीवर. शर्मी म्हणाली, "शाळेतपण असंच होतं की. सिस्टर कुठं दुसरीच्या डब्यात हात घालू द्यायच्या." खरंच, मी विसरले होते. कु.च्या डब्यात भाकरी आणि वालाची भाजी. तिने खाली मान घालून खाल्लं, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं...

मग पाण्याकडे. ओहोटी होती, बरंच चालायला लागलं. कोरडी वाळू संपते आणि ओली सुरू होते तिथं कु. थांबली. मी हात पुढे केला. "नको," म्हणाली. "मला एकटीला जाऊ दे."

सँडल काढून हातात घेतले. (पाण्यात चालणारे सँडल!) निऱ्या वर खोचल्या. एक पाऊल, मग एक. लाट आली, तिच्या पायांवरून गेली, परतली. ती खालीच बघत होती. दुसरी लाट आली. तिचे खांदे जरा उचलले गेले, लहान मुलाला गार पाण्याने अंघोळ घालताना होतात तसे.

तेवढ्यात नलू मागून ओरडली, "अगं कुसुम! मागच्या वेळी कशी धावत गेली होतीस! मला दिसतंय अजून. तुझी ती निळी रिबन वाहून गेली!"

 सगळ्या बघत होत्या. कु.ने वळून आधी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगते.

"व्हय गो," ती म्हणाली. "तीच बघत्ये. गावते काय."

सगळ्या हसल्या. नलू तर गुडघे धरून. मीही हसले, डोळे पुसत. खाऱ्या वाऱ्याने येतं डोळ्यांत पाणी.

रिबन माझी होती. तिच्यापायी आईचे दोन धपाटे खाल्लेत मी. पण नलूला ती कु.च्या वेणीतून जाताना दिसतेय, अजूनही दिसतेय. असू दे. तिच्या केसांत जास्त चांगली दिसली असती.

मग कु.ने ओंजळीने डोक्यावर पाणी घेतलं, तीन वेळा. शर्मी गाऊन घालूनच आत शिरली आणि तिच्या मागे आम्ही सगळ्या, कमरेपर्यंत. नलूची टोपी गेली. कुणीतरी आणून दिली. कु. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "पायाखालची वाळू सरकते हे तू सांगितलं होतंस. पण अशी सरकते हे नव्हतं सांगितलंस."

"सांगता आलं नसेल."

"नाय येत," ती म्हणाली. "मी पण बघत्ये मघापासून, कसं सांगायचं."

फोटोत तिने दात काढले नाहीत. ओठ घट्ट मिटून, गाल फुगवून उभी आहे. बाकी आम्ही सगळ्या गंभीर आणि ती एकटीच हसतेय असं दिसतं.

परत निघताना तिने डब्याची पिशवी उघडली, रिकामी बाटली काढली आणि भरून घेतली. 


६ फेब्रुवारी

दहावा काल पार पडला. कु.शी बोलले. त्या दिवशी घरी गेली तेव्हा म्हातारी ओटीवरच वाट बघत होती. "आणलंस काय?" म्हणे. कु.ने बाटली उघडून तिच्या ओंजळीत वरून पाणी घातलं. म्हातारीने चाखलं, तोंड वाकडं केलं, उरलेलं डोळ्यांना लावलं.

"नि रोज सांजच्याला विचारतात, मग काय झालं. मी सांगते. काल म्हणाल्या, ती जाडी पडली कशी ते पुन्हा सांग."

"कोण पडलं?"

"शर्मी."

"शर्मी कुठं पडली?"

"पडली असती," कु. म्हणाली. "तेवढं चालतं."


११ फेब्रुवारी

गुडघ्यांना शेक. गच्चीत ह्यांनी वांगी लावलीत, एकाला फूल. आज धुकं नव्हतं, पूल दोन्ही बाजूंना टेकलेला.

नलूचं नवं फर्मान. शाळेच्या कार्यक्रमात माजी विद्यार्थिनींनी आपली आवडती आठवण वाचायची आहे. आपल्या वर्गातर्फे नववीची सहल. "कुसुम लिहील आणि कुसुमच वाचेल. तिच्याइतकं कुणालाही आठवत नाही." खाली सगळ्यांचे अंगठे. माझा सोडून. मी बराच वेळ फोन हातात धरून बसले आणि मग मीही दिला.

संध्याकाळी कु.चा फोन आलाच.

"विजू, काय लिहू गो? आत्याचं नि पोत्याचं लिहू? की रिबन लिहू?"

"तुला आठवतं ते लिही."

मागे म्हातारीचा आवाज, "कोण हाय गो? विजू काय?" आणि शेंगा सुपात पडल्याचा.

"तीच तर पंचाईत आहे," कुसुम म्हणाली. "मला दोन्ही आठवतं."